ढोरांचा डॉक्टर व्हायचे तर : विज्ञान शाखेच्या दोन वर्षांचा हिशेब



आपल्या जिल्ह्यातला कास्तकार ऊस लावतो तशी दारात दोन-चार ढोरेही बांधतो. उसाचे बिल उशिरा येते, पण दुधाचे पैसे दर आठवड्याला घरात येतात, आणि किराणा त्यावरच चालतो. २०२२ च्या पावसाळ्यात लंपीचा रोग जळगावकडून आला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्याला त्याची मोठी झळ बसली. त्या दिवसांत ढोरांच्या डॉक्टरची किंमत काय असते हे प्रत्येक गोठ्याला कळले. शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचून तो रोग आवरावा लागला. ही लस चालते कशी, हे सांगणारा माणूस मात्र दहा गावांत एखादाच होता.

तेव्हापासून आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुले-मुली दहावी झाली की म्हणतात, "मला ढोरांचा डॉक्टर व्हायचे." इच्छा चांगली आहे. पण त्या इच्छेच्या आणि पदवीच्या मध्ये अकरावी-बारावी विज्ञानाची दोन वर्षे उभी आहेत. एका बाजूला बोर्डाची परीक्षा, दुसऱ्या बाजूला 'नीट'ची प्रवेश परीक्षा, आणि तिसऱ्या बाजूला घरचे वावर. या तिन्ही ओझ्यांखाली हुशार मुलेही वाकतात. हे ओझे नेमके किती आहे, त्यातले आवश्यक किती आणि फुकटचे किती, याचा हिशेब आईबापांनाही कळला पाहिजे. त्यासाठीच हा लेख.

पदवी कोणती आणि कुठे

या पदवीचे नाव बी.व्ही.एस्सी. ॲन्ड ए.एच., म्हणजे पशुवैद्यकशास्त्र व पशुसंवर्धन पदवी. शिक्षण साडेपाच वर्षांचे : साडेचार वर्षे वर्गात व दवाखान्यात, आणि शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीचे. पहिल्याच वर्षी जनावराची शरीररचना, शरीरक्रिया आणि पशुधनाचे व्यवस्थापन हे विषय येतात. पुढे रोगजंतू, औषधे, शस्त्रक्रिया, प्रजनन असे एकेक विषय चढत जातात.

महाराष्ट्रात हे शिक्षण जुने आहे. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. नागपूरचे १९५८ साली निघाले, परभणीचे १९७२ साली, उदगीरचे १९८७ साली आणि सातारा जिल्ह्यातील शिरवळचे १९८८ साली. ही सर्व महाविद्यालये आज नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली आहेत. विद्यापीठाची स्थापना २००० सालची. अकोल्यातही याच विद्यापीठाची पशुवैद्यक संस्था आहे. आपल्या मुलांना नागपूर आणि परभणी ही ठिकाणे त्यातल्या त्यात जवळची.

१९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने या व्यवसायाची नोंदणी ठरवून दिलेली आहे. पदवी व नोंदणी असल्याशिवाय पशुवैद्य म्हणून व्यवसाय करता येत नाही. म्हणून आडमार्ग शोधण्यात अर्थ नाही. दार एकच आहे आणि ते विज्ञान शाखेतून जाते.

दाराला कुलूप कसले आहे

प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. खुल्या प्रवर्गाला या चार विषयांत मिळून किमान ५० टक्के गुण पाहिजेत. राखीव प्रवर्गांना यात सवलत आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. ही झाली पात्रता. जागा मात्र 'नीट'च्या गुणांवरून मिळते.

'नीट' म्हणजे देशभर एकाच दिवशी होणारी परीक्षा. माणसांचे डॉक्टर होऊ पाहणारी मुलेही तीच परीक्षा देतात. २०२४ साली ती ५ मे रोजी झाली, २०२५ साली ४ मे रोजी. २०२५ च्या परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. भौतिकचे ४५, रसायनचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. एकूण गुण ७२०. त्यांतले ३६०, म्हणजे बरोबर निम्मे, एकट्या जीवशास्त्राचे.

हा आकडा नीट लक्षात घ्यावा. पुष्कळ मुले भौतिकशास्त्राच्या भीतीने सगळा वेळ त्याच विषयाला देतात आणि जीवशास्त्र 'वाचून होईल' म्हणून मागे टाकतात. हे म्हणजे पाच एकरांतल्या एका खडकाळ तुकड्यावर सगळी मजुरी लावायची आणि चार एकर काळी जमीन पडीक ठेवायची, त्यातला प्रकार झाला. खडकाळ तुकडा सोडायचा नाही, पण मजुरीची वाटणी जमीन पाहूनच करायची.

चुकीच्या उत्तराचाही हिशेब सांगतो. समजा, येत नसलेल्या ४० प्रश्नांना मुलाने डोळे मिटून उत्तरे दिली. चार पर्यायांत एक बरोबर, या हिशेबाने १० बरोबर येतील व ४० गुण मिळतील. ३० चुकतील व ३० गुण जातील. हाती राहिले १०, आणि तेही नशीब साथीला असेल तर. म्हणून अंदाजाने ठोकण्याची सवय लावू नये. चारांपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत असे कळत असेल तरच धाडस करावे.

बोर्ड आणि नीट : ओझी दोन की एक?

आता मुख्य मुद्दा. मुले म्हणतात, "बोर्डाचा अभ्यास करू की नीटचा?" खरे पाहता विषय तेच आहेत. फरक उत्तर देण्याच्या पद्धतीत आहे. बोर्डाला सूत्र कसे निघाले ते लिहून पाहिजे, आकृती काढून नावे द्यायला पाहिजेत, मुद्दे क्रमाने पाहिजेत. नीटला तेच ज्ञान एका मिनिटात, चार पर्यायांतून निवडून पाहिजे.

दुसरा फरक पुस्तकांचा. आपल्या राज्य मंडळाची अकरावीची पुस्तके २०१९ साली आणि बारावीची २०२० साली बदलली. नीटचे प्रश्न मात्र मुख्यतः दिल्लीच्या एन.सी.ई.आर.टी. पुस्तकांना धरून येतात. २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून काही भाग वगळले गेले आहेत. म्हणून जुन्या विद्यार्थ्याचे पुस्तक वापरायला हरकत नाही, पण अभ्यासक्रमाची यादी चालू वर्षाचीच घ्यावी. वगळलेला धडा घोकणे म्हणजे तुटून गेलेल्या उसाला पाणी देणे.

यावर रीत अशी. धडा एकदाच धरायचा. आधी मंडळाच्या पुस्तकातून तो समजून घ्यायचा व लिहून काढायचा. लगेच तोच धडा दुसऱ्या पुस्तकातून ओळ न् ओळ वाचायचा. आणि त्याच आठवड्यात त्यावरचे पन्नास-साठ पर्यायी प्रश्न सोडवायचे. असे केले म्हणजे दोन अभ्यास राहत नाहीत. एकाच नांगरटीत दोन्ही कामे होतात. जो मुलगा बारावीची परीक्षा होईपर्यंत फक्त बोर्ड आणि नंतर फक्त नीट असे ठरवतो, त्याच्या हाती मार्चनंतर जेमतेम सहा-सात आठवडे उरतात. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तेवढ्यात बसत नाही.

आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे की तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर वजनही घटते आणि उताराही पडतो. वर्गात शिकलेल्या धड्याचेही तसेच आहे. त्याच दिवशी अर्धा तास उजळणी झाली तर तो पदरात पडतो, आठवडाभर पडला तर वाळतो. किती तास बसला हे टनेज झाले, डोक्यात किती राहिले हा उतारा. बापाने विचारायचे तर उतारा विचारावा.

विषय घेताना ओझे वाढवू नका

अकरावीला प्रवेश घेतानाच एक चूक होते. "गणित असू द्या, पुढे उपयोगी पडेल," असे कुणीतरी सांगते आणि मुलगा भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांबरोबर गणितही घेऊन बसतो. पशुवैद्यकाला गणित सक्तीचे नाही. कृषी पदवीलाही भौतिक-रसायन-जीवशास्त्र हा गट चालतो. ज्याला गणिताची आवड आहे किंवा दुग्धतंत्रज्ञान वा अभियांत्रिकीची वाट मोकळी ठेवायची आहे, त्याने ते जरूर घ्यावे. इतरांनी शेजाऱ्याचे पाहून घेऊ नये.

ज्या महाविद्यालयात पीकशास्त्र किंवा पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय असे द्विलक्ष्यी विषय असतील, तिथे आपल्या मुलांनी त्यांचा विचार करावा. गोठ्यात वाढलेल्या मुलाला तो विषय निम्मा आधीच येत असतो.

आणखी एक अडचण बोलून दाखवली जात नाही, ती भाषेची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले लेकरू अकरावीत इंग्रजीतून विज्ञान ऐकते, आणि पहिले चार महिने त्याला धडाच समजत नाही. तो गप्प बसतो. घरी वाटते, पोरगं आळशी झालं. तसे नसते. यावर उपाय म्हणजे दहावीनंतरच्या सुट्टीतच शास्त्रीय शब्दांची वही करावी : रोज दहा इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ. साठ दिवसांत सहाशे शब्द होतात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतूनही घेता येते, हेही माहीत असावे. मात्र निवड अर्ज भरतानाच करावी लागते आणि सरावही त्याच भाषेत झाला पाहिजे. पुढे पदवीचे शिक्षण इंग्रजीतूनच आहे, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा.

गोठा हीच प्रयोगशाळा

विज्ञान अवघड वाटते ते हवेत लोंबकळते म्हणून. आपल्या मुलांना ते जमिनीवर आणणे सोपे आहे. तीन उदाहरणे पाहा.

पहिले, वाढे. गळीत हंगामात आपण ढोरांना भरपूर वाढे घालतो. वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. ते जनावराच्या पोटात कॅल्शियमला धरून ठेवते व न विरघळणारा क्षार तयार होतो. मग चाऱ्यातले कॅल्शियम असूनही अंगी लागत नाही, आणि दुभती गाय खंगते. म्हणून तर वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला, दुसरा चारा मिसळायला आणि खनिज मिश्रण द्यायला सांगतात. रसायनशास्त्रातला 'अवक्षेप' हा धडा हाच.

दुसरे, युरिया. गायीच्या चार कप्प्यांच्या पोटात असंख्य सूक्ष्मजंतू असतात. थोडा युरिया मळीबरोबर दिला तर ते जंतू त्यापासून प्रथिन बनवतात. पण गोणी फोडून जनावराने युरिया जास्त खाल्ला की अमोनिया भराभर तयार होतो आणि विषबाधा होते. त्यावर व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल पाजतात, कारण अमोनिया आम्लारी. आम्ल आणि आम्लारीचा सगळा धडा या एका घटनेत आला.

तिसरे, कृत्रिम रेतन. वळूचे वीर्य द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. एवढ्या थंडीत पेशी वर्षानुवर्षे जिवंत कशी राहते, यात भौतिकही आहे आणि जीवशास्त्रही. आणि जन्मलेली कालवड दुधाला आईवर जाईल की बापाकडच्या वंशावर, हा आनुवंशिकतेचा धडा.

मुलाला गोठ्यातून पूर्ण सोडवू नका, असे म्हणतो ते याच्यासाठी. सकाळचा अर्धा तास धार काढायला, चारा टाकायला जाऊ द्या. ज्याला ढोराच्या अंगाला हात लावायची किळस किंवा भीती आहे त्याने हा मार्ग धरूच नये, आणि ते दोन वर्षे घालवण्याआधी कळलेले बरे.

वावराचे आणि परीक्षेचे वेळापत्रक

आपली खरी अडचण इथे आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची सोंगणी येते, त्याच सुमारास सहामाही परीक्षा असते. ऊसतोड ऐन भरात असते तेव्हा बारावीच्या तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा येतात. हरभरा सोंगायला येतो आणि बोर्डाचे पेपर सुरू होतात. ओलिताची लाईन रात्रीची असली की बारे द्यायला पोरालाच पाठवले जाते. रात्री दोनपर्यंत पाणी दिलेला मुलगा सकाळी वर्गात झोपणार नाही तर काय करील?

यासाठी घरात बसून आधीच ठरवावे. अकरावीच्या जूनपासून बारावीनंतरच्या मेपर्यंत हे तेवीस महिन्यांचे पीक आहे, अडसालीपेक्षाही लांबचे. त्याच्या पाळ्या अशा पाडता येतील :

१. अकरावीचे पूर्ण वर्ष : भाषा व पाया. नीटमध्ये अकरावीचेही प्रश्न असतात, म्हणून हे वर्ष 'आरामाचे' समजू नये. या वर्षी शेतीकामाला रविवार द्यायला हरकत नाही.

२. अकरावीनंतरचा उन्हाळा : अकरावीची एक पूर्ण उजळणी. लग्नसराईत मुलाला गावोगाव फिरवू नये.

३. बारावी, जून ते ऑक्टोबर : बारावीचे निदान तीन चतुर्थांश धडे वर सांगितलेल्या रीतीने पुरे करणे. सोंगणीला मजूर लावावा, मुलाला नाही.

४. नोव्हेंबर ते बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत : लिहिण्याचा सराव. प्रात्यक्षिकांना भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांत प्रत्येकी ३० गुण आहेत, लेखीला ७०. ते तीस गुण प्रयोगवही पुरी असणाऱ्याला सहज पदरात पडतात. जीवशास्त्राचे पर्यायी प्रश्न या काळातही रोज अर्धा तास चालू ठेवावेत.

५. बोर्डानंतर नीटपर्यंत : दर दोन दिवसांनी तीन तासांची एक पूर्ण प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, आणि दुसऱ्या दिवशी चुकांची तपासणी. नवीन धडा या दिवसांत धरू नये.

रोजचे म्हणाल तर महाविद्यालय आणि एस.टी.चा प्रवास वजा जाता पाच तास घरचा अभ्यास खरा झाला तरी पुरे. सात तासांची झोप मोडू नये. अठरा-अठरा तास अभ्यासाच्या गोष्टी ऐकायला बऱ्या असतात, पण झोपमोड झालेल्या डोक्यात काही टिकत नाही.

शिकवणी आणि कर्ज

अकोला, लातूर अशा गावी मोठ्या शिकवण्या आहेत. पुष्कळ मुले नाव गावच्या महाविद्यालयात घालतात आणि राहतात तिकडे. तिथे शिस्त आणि सराव मिळतो, हे नाकारता येत नाही. पण फी, खोली, खानावळ मिळून उसाचे एका वर्षाचे बिल सहज जाते. कर्ज काढून, दागिना गहाण ठेवून पाठवले की मुलाच्या डोक्यावर अभ्यासाबरोबर त्या कर्जाचेही ओझे बसते. ते तो बोलत नाही. म्हणून आधी अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत घरी राहून त्याचा कल पाहावा. नेमक्या ज्या विषयात तो अडतो तेवढ्याच विषयाची शिकवणी पुष्कळदा पुरते. आणि पाठवायचेच ठरले तर प्रात्यक्षिके बुडणार नाहीत एवढे पाहावे.

कागदपत्रे : गुण असून जागा जाते ती इथे

नीट दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असे नाही. निकालानंतर पशुवैद्यक पदवीसाठी वेगळा अर्ज भरावा लागतो. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरतात, त्याचा अर्ज आणखी वेगळा. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे अकरावीतच काढायला लावावीत. वैधतेला वेळ लागतो आणि मुदत कुणासाठी थांबत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायची. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. गोठ्यातले निम्म्याहून अधिक काम आपल्या घरच्या बायाच करतात. धार त्या काढतात, आजारी वासरू त्यांनाच आधी कळते. मग डॉक्टर व्हायला मुलगी का नको?

आणि जागा मिळाली नाही तर?

जागा मोजक्या आहेत आणि मागणारे फार. पहिल्या वर्षी न मिळणे ही नामुष्की नव्हे. थोडक्यात हुकलेल्या मुलाने एक वर्ष नेटाने पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. पण गुण फारच कमी असतील तर वर्षामागून वर्ष घालवू नये. कृषी पदवी आहे, मत्स्यविज्ञान आहे, गणित घेतलेल्यांना दुग्धतंत्रज्ञान आहे. त्यासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षाही बारावीतच देऊन ठेवावी. विहिरीला पाणी लागेलच या भरवशावर कुणी सगळे वावर उसाखाली घालत नाही, थोडी तूर-ज्वारी ठेवतोच.

शेवटी एकच. निकालाच्या दिवशी घरात जो आवाज चढतो तो दोन वर्षे आधी कमी करा. 'आपल्या उसाचा पैसा तुझ्यात घातला' हे वाक्य मुलाला ऐकवू नका. तो पैसा कुठून आला हे त्याला ठाऊक असते, कारण त्या उसाची मोळी त्यानेही उचललेली असते. लेकराला वेळ द्या, झोप द्या, आणि रात्रीच्या लाईनीवर या दोन वर्षांपुरते तुम्ही जा. एवढे केले तरी निम्मे ओझे उतरले म्हणून समजा.